इर्जिकीचं जेवण

वाडी, ता. वडवणी
८ सप्टेंबर

सोमनाथ,

तुमची सही ओळखली. पुण्याच्या आइस्क्रीमवाल्या कंपनीकडून आमच्या गटाला चार पानांचा कागद आला, त्याच्या शेवटच्या पानावर तळाशी ती होती. तीच, शेवटी लांब शेपूट ओढलेली. याआधी मी ती बीडच्या कोर्टात पाहिली होती, घटस्फोटाच्या कागदावर, माझ्या सहीच्या वर. त्याला आता नऊ वर्षं झाली.

पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. तुम्हाला काय म्हणायचं? ‘अहो’ म्हणायचा हक्क कोर्टानं काढून घेतला आणि ‘भाऊ’ काही माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून नुसतं सोमनाथ लिहिलं. ‘तुम्ही’ मात्र तसंच राहू द्या, ते आता जिभेवरून जायचं नाही.

फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर मी तुमच्याशी भांडते. आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा दिसतात, मग उत्तराची वाट बघत बसावं लागतं. पत्राचं बरं असतं, पोचलं की नाही तेच कळत नाही. तुमच्या बेंगळूरच्या ऑफिसचा पत्ता त्याच कागदावर होता.

मी आता काय करते ते तुम्हाला ठाऊक नसणार. आपल्या डोंगरातल्या सीताफळांचा गर काढायचं काम आम्ही बायका करतो. लोक त्याला कारखाना म्हणतात. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, बिया वेगळ्या करायचं एक यंत्र, दोन मोठे फ्रीझर आणि मनात आलं तर चालू होणारा जनरेटर. आम्ही बावीस जणी आहोत. सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत काम, नंतर निम्म्याहून जास्त जणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. गटाची अध्यक्ष मी. हसू नका.

तर तुमचा कागद. मी तो तीनदा वाचला. कंपनी सीताफळाच्या आइस्क्रीमच्या प्रत्येक डब्यामागे काही भाग तुम्ही काम करता त्या निधीला देणार. त्यातून समलिंगी, तृतीयपंथी आणि तशा सगळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांना मदत जाणार. नेपाळ, केनिया, कोलंबिया, अशी देशांची नावं होती. पुढे लिहिलं होतं की कंपनीला माल देणाऱ्यांनीही मनापासून वाटलं तर एका दिवसाचं काम द्यावं. जेवढं आम्ही देऊ तेवढंच कंपनी वरून घालेल. जबरदस्ती नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते.

मी अजून कुठल्याच चौकोनात खूण केलेली नाही. कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तुम्ही मला म्हणाला होतात, ‘‘आईला यातलं काही सांगू नको.’’ मी हो म्हटलं होतं. आता या कागदावर ‘हो’ लिहिलं तर तो शब्द मोडतो का, एवढंच मला सांगा.

तुमच्या आई, म्हणजे माझ्या आत्याबाई, बऱ्या आहेत. डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. तरी रोज शेडमध्ये येतात आणि फळं निवडतात. हातानं दाबून कुठलं पिकलंय ते सांगतात, अजून एकदाही चुकल्या नाहीत.

योगिता


वाडी
२२ सप्टेंबर

सोमनाथ,

तुमचं उत्तर मिळालं. चार ओळींसाठी एवढा जाड लिफाफा कशाला वापरला?

आमचा गट कंपनीच्या यादीत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, ते मी मान्य करते. पण पुढच्या ओळी मला आवडल्या नाहीत. ‘‘तू यात पडू नकोस. ‘नाही’वर खूण करून कागद परत पाठव. आईला सांभाळ.’’ तुम्ही मोठमोठ्या कंपन्यांच्या दारात जाता, आमच्या माणसांसाठी उभे राहा म्हणता, आणि मी आपणहून उभी राहते म्हटलं तर मला खाली बसवता. आणि ‘आईला सांभाळ’ हे तर तुम्ही लिहायलाच नको होतं. तुम्ही गेल्यापासून बारा वर्षं मी दुसरं काय करते आहे?

तुमचं पत्र यायच्या आधीच मी बायकांशी बोलले होते. म्हणजे आता रागवायचं तर रागवा.

दुपारच्या भाकरीला सगळ्या बसल्या होत्या. निधी, संस्था, हक्क असले शब्द काढले असते तर भामाबाईंनी जांभई दिली असती. म्हणून मी म्हटलं, ही इर्जिक समजा. तुम्हाला आठवतं ना, सुंदरबाईंच्या नवऱ्याचा पाय मोडला त्या वर्षी? सगळ्या वाडीनं औतं नेऊन एका दिवसात त्यांचं रान नांगरून दिलं होतं. मजुरी कोणी घेतली नाही. ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं, एवढीच इर्जिकीची रीत. सुंदरबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या आणि तुमच्या वडिलांनी, सुग्रीवमामांनी, अकरा खाल्ल्या होत्या असं आत्याबाई अजून सांगतात.

तर मी म्हटलं, ही जगभरची इर्जिक आहे. घरच्यांनी ज्यांना बाहेर काढलं, गावानं ज्यांना नावं ठेवली, अशी माणसं सगळ्या देशांत आहेत. त्यांच्यासाठी आपण एक दिवस काम करायचं. सुंदरबाई लगेच म्हणाल्या, ‘‘एका दिसानं काय जातंय आपलं? धरा माझं नाव.’’ एकेक करत सगळ्यांनी नावं दिली.

भामाबाईंनी तेवढं विचारलं, ‘‘म्हंजी निराधार का गं?’’

मी मान हलवली.

तोंडानं खोटं बोलले नाही, पण मान हलवली. त्यानंतर जेवण गेलं नाही. आत्याबाई समोरच बसल्या होत्या आणि बियांचा ढीग सारखा करत होत्या. त्यांच्यासमोर मला दुसरं काही सुचलं नाही. तुमचा शब्द पाळायला मी एकवीस जणींना फसवलं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

‘हो’च्या चौकोनात खूण करून कागद पाठवला. अकरा ऑक्टोबर हा दिवस धरलाय, दसऱ्याचा आदला दिवस.

योगिता


वाडी
५ ऑक्टोबर

सोमनाथ,

तुमचं पत्र नाही. रागावला असाल. असा.

फळ यंदा उतू चाललंय. वडवणीच्या बाजारात कोणी विचारत नाही इतकं झालंय, त्यामुळे सगळं आमच्याकडे येतं. सीताफळ थांबत नाही. आज पिकलं तर आजच फोडायला लागतं, आणि गर काढला की हवा लागून काळा पडायच्या आत गोठवायला लागतो. सकाळी सातला हात चिकट होतात ते संध्याकाळपर्यंत तसेच. कधी कधी माश्या आमच्यापेक्षा जास्त असतात.

आज एकटीच होते शेडमध्ये, जनरेटरवाल्याची वाट बघत. तुम्ही मला ते सगळं सांगितलंत तो दिवस आठवला. आपण ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. लग्नाला चार महिने झाले होते. मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे. तुम्ही खाली बघून बोलत होता आणि बोलता बोलता टरफलं दाण्यांत टाकत होता, दाणे टरफलांत. तुमचं बोलून संपलं तेव्हा मी पहिलं काय केलं माहितीये? दाणे निवडायला घेतले. दुसरं काय करायचं ते कळलं नाही.

नंतर चार वर्षं मी तुमच्यावर मनापासून चिडलेली होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. लग्नाआधी का नाही बोललात? तुमच्या घाबरण्याची किंमत मी का द्यायची? आजही याचं उत्तर मला सापडलेलं नाही आणि तुम्हाला मी त्याबद्दल सगळी माफी दिली असं समजू नका.

पण दुसरंही सांगायला हवं. आपण एकत्र राहिलो त्या चौदा महिन्यांत तुम्ही मला बारावीचा फॉर्म भरायला लावलात. गावातल्या लोकांच्या डोळ्यांदेखत स्कूटी शिकवलीत, दोनदा नाल्यात पडलो तरी. बँकेत माझं खातं उघडलंत. जाताना मला पोरकं करून गेला नाहीत, हातात काही तरी देऊन गेलात. माहेरी परत गेले असते तर भावानं वर्षाच्या आत कोणाच्या तरी गळ्यात बांधलं असतं. इथं राहिले, कारण आत्याबाई म्हणाल्या, ‘‘त्यो गेला तर जाऊ दे, तू कुठं निघालीस?’’

त्यांना काय माहीत तुम्ही का गेलात. गावानं आपलं ठरवून टाकलं, बाईला मूल होत नाही म्हणून नवरा सोडून गेला. मी कधी कोणाला उलटून बोलले नाही. हे तुमच्यावर उपकार म्हणून सांगत नाही. सवय झाली आहे, एवढंच.

एक विचारायचं होतं. तुमच्यासोबत कोणी आहे का? नाही सांगितलंत तरी चालेल. असेल तर मला बरं वाटेल.

योगिता


वाडी
१३ ऑक्टोबर

सोमनाथ,

हे पत्र बसून वाचा.

अकरा तारखेला बावीसच्या बावीस जणी आल्या. सुंदरबाई नवी साडी नेसून आल्या आणि मग दिवसभर ती सांभाळत बसल्या. एवढं काम आम्ही एका दिवसात कधी केलं नव्हतं. चार वाजेपर्यंत दोन्ही फ्रीझर भरले. जनरेटरही त्या दिवशी शहाण्यासारखा वागला.

साडेचारला पुण्याहून कंपनीची मुलगी आली, मनिषा नावाची. लाघवी आहे, बार्शीकडची. तिनं आमच्यासाठी आइस्क्रीमचे डबे आणले होते. आपणच काढलेला गर आपण पहिल्यांदा खाल्ला. भामाबाई म्हणाल्या, एवढं ग्वाड कशाला करत्यात. सगळ्या हसल्या.

मग मनिषानं डब्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. वर आमच्या गटाचं आणि वाडीचं नाव. खाली लिहिलं होतं की या डब्यातला एक भाग समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांना माणसासारखं जगता यावं म्हणून काम करणाऱ्या जगभरच्या संस्थांना जातो. कोणाला कळलं नसेल म्हणून तिनं सोपं करून सांगितलं. बाईवर जीव असलेली बाई, पुरुषावर जीव असलेला पुरुष, सगळं नीट, न लाजता सांगितलं. तिला वाटलं आम्हाला ठाऊकच आहे. तिची काही चूक नाही.

भामाबाईंनी हातातला डबा खाली ठेवला. त्यांच्या मुलाचं लग्न ठरायचंय. म्हणाल्या, वाडीचं नाव असल्या चिठ्ठीवर आलं तर सोयरे काय म्हणतील. सुंदरबाईंनी माझ्याकडे बघितलं.

‘‘तुला म्हाईत होतं?’’

मी हो म्हटलं.

‘‘मंग सांगितलं कावून न्हाई? आमी काय कोयता घेऊन मागं लागलो असतो का तुझ्या?’’

त्या बाजूला आत्याबाई बसल्या होत्या. का सांगितलं नाही याचं खरं उत्तर तुमचं नाव होतं, आणि ते मी गिळलं. सुंदरबाई म्हणाल्या, ‘‘तू फसवलंस आमाला.’’ पदर खोचला आणि निघाल्या. त्यांच्यामागून सगळ्या गेल्या. मनिषा बिचारी रडायला लागली, तिची समजूत मलाच काढावी लागली.

आता पुढचं. घरी आल्यावर आत्याबाईंनी हातपाय धुतले, चुलीपुढे बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘सोमनाथ तसला हाय का?’’

एवढंच. आवाज चढवला नाही.

मी तुमचा शब्द मोडला की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. पीठ मळत राहिले. बारा वर्षं मला खोटं जमलं, कारण कोणी मला सरळ विचारलंच नव्हतं. परवा त्या माऊलीनं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं आणि मला ते जमलं नाही.

त्या उठल्या आणि आत जाऊन पडल्या. काल दसरा होता. सोनं द्यायला कोणी आलं तर बाहेर आल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. मला माफ करा, सोमनाथ. हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे.

योगिता


वाडी
१६ ऑक्टोबर

सोमनाथ,

तीन दिवस झाले, शेडवर कोणी येत नाही. फळ मात्र येतंय. कालपर्यंत चाळीस क्रेट मऊ पडले. आठ दिवस असंच गेलं तर कंपनीला द्यायचा माल होणार नाही, आणि पुढच्या वर्षी ते दुसरीकडून घेतील. गट मोडेल. मग सुंदरबाईंना पुढच्या दसऱ्यालाच मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घ्यावी लागेल आणि मला काय करावं लागेल ते मी अजून मनात आणलेलं नाही.

आज सकाळी मी एकटीच फोडायला बसले. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. आत्याबाई आल्या, रोजच्या जागी बसल्या आणि फळं दाबून दाबून माझ्याकडे सरकवायला लागल्या. तासभर आम्ही दोघी काम करत होतो.

मग म्हणाल्या, ‘‘बारा वर्सं लोकानी तुला वांझ म्हनलं.’’

मी म्हटलं, जाऊ द्या.

‘‘मी बी म्हनलंतं. एकदा. इहिरीवर, चार बायकांत. तू घागर घिऊन माघारी गेलतीस.’’

ते मला आठवतं. मी तुम्हाला कधीच लिहिणार नव्हते. आत्याबाईंनी बोलता बोलता माझा हात धरला, दोघींचे हात गरानं भरलेले. म्हणाल्या, ‘‘माझ्या लेकाला झाकायला तू सोताला उघडं टाकलंस आन् मी तुलाच बोल लावला.’’ आणि रडल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, सुग्रीवमामा गेले तेव्हासुद्धा नाही. मीही रडले. कोणी आलं असतं तर वाटलं असतं, सीताफळासाठी रडतायत.

तुमच्याबद्दल त्यांनी एकच विचारलं. तुम्ही तिकडे स्वतः स्वयंपाक करता का. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी दोन फळं दाबून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘त्याला वरणात गूळ लागतो.’’

त्या रागावल्या आहेत की नाही, हे मला अजून सांगता येणार नाही. कळलं की कळवते.

योगिता


वाडी
२० ऑक्टोबर

सोमनाथ,

तेराचं पत्र तुम्हाला पोचलेलं दिसतं. काल चार वेळा फोन वाजला. मी उचलला नाही. तुम्ही माफी मागितली असतीत, मला रडू आलं असतं आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. आधी हे वाचा. वेळ कमी आहे म्हणून या पत्राचा फोटो काढून फोनवरही पाठवते आहे. निळ्या खुणा दिसल्या तरी चालतील.

काल सकाळी सुंदरबाई आल्या. एकट्या. मला वाटलं हिशेब मागायला आल्या असतील. त्यांनी चमचा घेतला, पाट ओढला आणि फळ फोडायला सुरुवात केली. मी काही विचारायच्या आधी आपणच बोलायला लागल्या.

ऊसतोडीच्या टोळीत त्यांच्याबरोबर सटवा नावाचा एक जण होता. बायकांत बसायचा, ओव्या म्हणायचा, त्याचं चालणं-बोलणं तसंच होतं. त्याच्या भावांनी त्याला घरातून काढलं होतं. सुंदरबाईंची थोरली मुलगी उसाच्या फडात झाली. त्या वेळी नवरा गाडीबरोबर साखर कारखान्यावर गेलेला, बाया पांगलेल्या. पाणी तापवलं ते सटवानं, नाळ बांधायला स्वतःच्या धोतराची किनार फाडली ती सटवानं. पुढच्या महिन्यात मुकादमानं त्याला मारून टोळीतून हाकललं, लोक नावं ठेवतात म्हणून.

‘‘आमी समदे बगत उभं व्हतो,’’ सुंदरबाई म्हणाल्या. ‘‘एक बी बोललं न्हाई. मी बी न्हाई, पोरगी मांडीवर घिऊन. कुठं गेला, जिता हाय का मेला, काय ठावं न्हाई. दोन दिस झाले, त्योच डोळ्याम्होरं येतुया. तवा माझी इर्जिक मी त्याच्यासाठी धरली. पर तू खोटं बोललीस त्ये बोललीसच.’’

मी सगळ्यांची माफी मागीन म्हटलं. म्हणाल्या, माग, आणि दुपारपर्यंत वाडीभर फिरून त्यांनी चौदा जणींना आणलं. आज सकाळी वीस होत्या. भामाबाई सगळ्यांत शेवटी आल्या, अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचं एकच म्हणणं होतं, चिठ्ठीवरून वाडीचं नाव काढ. मी कंपनीला कळवते म्हटलं, त्यांचा तो हक्क आहे. दोघी आल्या नाहीत, त्या येणार नाहीत. सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटू नये म्हणून लिहिलं.

भाकरीच्या वेळेला मी उभी राहिले आणि माफी मागितली. म्हटलं, निराधार का असं विचारलंत तेव्हा मी मान हलवली, ते खोटं होतं. का केलं ते मात्र सांगू शकत नाही, कारण ती गोष्ट माझी एकटीची नाही. सगळ्यांनी परत भाकरी मोडायला घेतली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात सुंदरबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

‘‘त्ये ऱ्हाऊ दे. इर्जिकीचं जेवण कवा हाय?’’

मला कळेना. मी म्हटलं, कसलं जेवण?

‘‘तूच म्हनलीस, इर्जिक हाय. इर्जिकीला गेलं की मालक जेवाय घालतो. ही काय मजुरी हाय का? आमी दिसभर राबलो, आइसक्रीम चाटवून पाठवून देता व्हय? मालक कोन हाय ह्या इर्जिकीचा?’’

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. मी सोपं पडावं म्हणून एक शब्द वापरला होता आणि त्यांनी तो शेवटपर्यंत धरला होता. मी काय सांगणार? मालक नेपाळमध्ये आहे, केनियात आहे? कंपनीचं नाव घेणार होते. तोंड उघडलं.

‘‘मालक माझा सोमनाथ हाय.’’

आत्याबाई. फळांच्या ढिगामागून, बसल्या जागेवरून. मग काठी टेकून उभ्या राहिल्या, दोनदा प्रयत्न करून.

‘‘ज्यांच्यासाठी तुमी राबलात त्यातलाच एक माझा लेक हाय. म्हनून त्यो गेला. योगितात काय खोट नव्हती, आन् त्याच्यात बी न्हाई. जेवाय त्योच घालील.’’

सोमनाथ, मी तुम्हाला काय सांगू? भामाबाईंनी तोंडावर पदर घेतला. कोणीतरी हातातली भाकरी तशीच धरून बसलं होतं. मी आत्याबाईंना धरायला गेले तर मला बाजूला सारलं. सुंदरबाईंनी त्यांच्याकडे बघून विचारलं, ‘‘पुरनाचं का?’’

‘‘पुरनाचं,’’ आत्याबाई म्हणाल्या.

झालं. सगळ्या कामाला लागल्या. तुमचं गुपित आता वाडीत आहे, उद्या वडवणीत असेल. काही लोक वाईट बोलतील, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण पहिल्यांदा बोलली ती तुमची आई, हे लक्षात ठेवा.

दिवाळी झाली की टोळ्या निघतील, त्याआधी हे व्हायला पाहिजे. येता रविवार, सत्तावीस तारीख ठरली आहे. बेंगळूरहून सोलापूरला उतरा, तिथून बीडची एसटी, बीडहून वडवणी. वडवणीला मी स्कूटी घेऊन येते. पुरण मी आणि सुंदरबाई शिजवू, तुमचा त्यात हात नको, तुम्ही चटके लावून घ्याल. वाढायचं मात्र तुम्हीच. रीत आहे.

आत्याबाईंनी आज दुपारी मोठं पातेलं माळ्यावरून काढून घासलं. घासता घासता मला हे पत्रात लिहायला सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझं त्यात काही नाही.

‘‘पंचवीस पानं हायती म्हनावं. एकट्याला वाढनं व्हायचं न्हाई. कुनी असंल त्याच्यासंगं, तर त्याला बी घिऊन ये.’’

योगिता